गढीवरचा तिसरा पाळणा

बोरखडीत आता गढी उरलेली नाही. पांढऱ्या मातीचा तो उंच ढिगारा लोकांनी घरांच्या मातीच्या धाब्यांवर टाकायला पाटी-पाटीनं नेला, राहिलेला रस्त्याच्या भरावात गेला, आणि त्या जागेवर देशमुखांच्या दोन भावांचे दोन सिमेंटचे बंगले उभे राहिले. मधे एक भिंत, माणसाच्या उंचीची, वर काचा रोवलेली. तरी तीर्थपुरीच्या बाजारात कुणी विचारलं, 'कोणाची सून?' तर उत्तर येतं, 'गढीवरची.' दैवशाला ही गढीवरची सून, भिंतीच्या उगवतीकडच्या बंगल्यातली.

ती मूळची जांब समर्थजवळच्या एका वस्तीवरची, पुंजाराम पहिलवानाची एकुलती लेक. मुलगा नव्हता म्हणून पुंजारामनं लेकीला तालमीत घातलं, असं लोक म्हणायचे. खरं तर ती चार वर्षांची असताना बापाच्या मागं मातीत लोळायला गेली आणि तिथंच राहिली. चौदाव्या वर्षी रामनवमीच्या जत्रेत तिनं एका दांडग्या पोराला पट काढून चीत केलं. त्या दिवशी बघ्यांत अप्पाराव देशमुख फेटा बांधून बसले होते. सहा वर्षांनी ते पुंजारामच्या दारात आले आणि आपल्या थोरल्या मुलासाठी, अंगदसाठी, तिला मागून गेले.

"मला बाकी काहीच नको पुंजाराम," ते म्हणाले, "असं रक्त आमच्या घरात आलं पायजे."

रक्त म्हणजे नातू, हे दैवशालाला लग्नानंतर कळलं. तिला दोन्ही मुली झाल्या. थोरली अर्पिता, धाकटी शरयू. घरात सगळे अप्पारावांना आबा म्हणत. आबांनी मुलींना कधी वाकडं बोललं नाही, पण शरयूच्या बारशाला ते शेतावर निघून गेले होते.

अप्पाराव आणि भिंतीपलीकडचे काकासाहेब हे सावत्र भाऊ. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा सुटायचा, या मानावरून दोघांचं तीस वर्षांपासून वाकडं होतं. एका पोळ्याला काठ्या निघाल्या, काकासाहेबांच्या कपाळाला टाके पडले. तो व्रण अजून दिसतो. पुढं बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तसा तो मान ग्रामपंचायतीत शिरला. सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा एका बंगल्यानं दैवशालाला उभं केलं, दुसऱ्यानं काकासाहेबांच्या सुनेला, श्रद्धाला. दैवशाला एक्केचाळीस मतांनी आली. गुलाल आबांच्या अंगावर पडला.

पहिले चार महिने सरपंचाचा शिक्का अंगदच्या खिशात असायचा. एके दिवशी तिनं धुवायला टाकलेल्या शर्टातून तो काढून घेतला आणि परत दिलाच नाही. अंगद दोन दिवस फुगून बसला, मग गप झाला. तो वाईट माणूस नव्हता. बापापुढं त्याचा आवाज निघत नसे, एवढंच.

तिनं हाती घेतलेलं मोठं काम एकच, टेकाडावरच्या वस्तीला नळ. साठ घरं, एक हापसा, तोही उन्हाळ्यात कोरडा. टाकी बांधून वर्ष झालं होतं, पण टाकीपर्यंत पाइप जात नव्हता. सरळ वाटेत एकीकडं काकासाहेबांचं रान होतं, दुसरीकडं आबांची मोसंबीची बाग. 'त्याच्यातून न्या,' असं दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत. वस्तीवरच्या बाया रोज सकाळी गढीच्या पायथ्यानं हंडे घेऊन जात आणि दैवशालाकडं बघून काहीच बोलत नसत. ते न बोलणं तिला सहन होत नसे.

त्यातच तिला दिवस गेले.

शरयू अजून अंगावर पीत होती, म्हणून पाळी चुकली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. दैवशाला बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसली. तिसरं मूल झालं की सरपंचपद जातं, हे फॉर्म भरतानाच तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी आबांनी दार लावून घेतलं आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं. अंगद आधी बोलला, खाली बघत. "अजून वेळ हाय. काढून टाकू."

"आन् पोरगा असला तर?" आबा म्हणाले.

आबांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. धाकटा मुलगा मिथुन आणि त्याची बायको आकांक्षा यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. "लेकरू आकांक्षाच्या नावावर लावायचं," ते म्हणाले. "सातव्या महिन्यापासून दोघीबी जुन्या जालन्यात खोली घेऊन राहा. गावात सांगू, थोरल्या सूनबाईची पाठ धरली, इलाज चालू हाय. दवाखान्यात कागद आकांक्षाचे द्यायचे. पद बी राहील, वंश बी राहील. त्या काक्याला वास लागायला नको, बस."

दैवशाला बोलायला गेली. तेवढ्यात तिची नजर दारात उभ्या असलेल्या आकांक्षाकडं गेली. सहा वर्षं उपास, नवस, दवाखाने, आणि दर महिन्याला न्हाणीघरात कोंडून घेऊन रडणं. ते सगळं त्या पोरीच्या तोंडावरून पुसून निघालं होतं. ती दैवशालाकडं अशी बघत होती, की दैवशालाची जीभ उचललीच नाही. आणि खरं सांगायचं तर खुर्ची तिलाही सोडायची नव्हती. ही गोष्ट तिनं पुढं कधी लपवली नाही.

तिनं मान हलवली.

मग घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. दैवशाला सैल पोलकी शिवून पदर पुढून घ्यायला लागली. आकांक्षा पोटाला जुन्या लुगड्याची घडी बांधायला लागली. दुपारी दोघी आतल्या खोलीत बसत. "आता हलतंय का ताई?" आकांक्षा विचारायची, आणि हात ठेवून डोळे मिटून बसायची. मग उठून, दैवशाला कशी कमरेवर हात देऊन चालते तसं चालून बघायची. दैवशालाला आधी हसू यायचं. नंतर येईना. एकदा तीर्थपुरीहून आकांक्षाची आई डिंकाचे लाडू घेऊन आली, लेकीची दृष्ट काढली, आणि जाताना दैवशालाच्या पाया पडल्यासारखं करून म्हणाली, "तुमच्या देवानं ऐकलं बाई." दैवशाला रात्रभर कूस बदलत राहिली.

भिंतीपलीकडं मात्र डोळे उघडे होते. काकासाहेबांच्या घरचं कुणीतरी जालन्याच्या दवाखान्यात होतं म्हणे. त्यानं बाकड्यावर बसलेली सरपंचबाई बघितली होती. काकासाहेब घाई करणारा माणूस नव्हता. त्यांनी पंधरा ऑगस्टची वाट बघितली.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली आणि मारुतीच्या पारासमोर ग्रामसभा बसली. दैवशालाला सहावा महिना सरत आला होता. टेबलाआड बसायचं, उठायचं नाही, तासाभरात उरकायचं, आणि दुसऱ्या दिवशी जालन्याला निघायचं, असं घरून ठरलं होतं. डाव्या हाताला ग्रामसेवक, उजव्या हाताला अंगद. बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत आकांक्षा, पदर नीट पसरून. आबा पारावर.

नळाच्या कामाचा विषय निघाला तसे काकासाहेब उभे राहिले. पांढरा सदरा, कपाळावरचा तो व्रण. आवाज अगदी गोड.

"सरपंचबाई, जरा उभ्या राहून बोला की. मागं ऐकू येऊन राह्यलं न्हाई."

"माइक हाय काका," अंगद म्हणाला.

"माइक हाय, बराबर. पण मागच्या साली त्या उभ्या राहूनच बोलल्या व्हत्या. औंदा काय झालं?"

मागं कुणीतरी हसलं. "पाठ दुखतीय काका," ती म्हणाली.

"असं का. मी ऐकलं गढीवर पाळणा हलणार." काकासाहेब बायांच्या रांगेकडं वळले. "आकांक्षाला दिवस गेले म्हणून आख्ख्या गावाला सांगितलं. आनंदाची गोष्ट हाय, आमच्याबी घरचंच लेकरू ते. पण लोक म्हणतात पोट एकीचं आन् लेकरू दुसरीचं. लोकांचं तोंड कोण धरणार? म्हणून मी म्हणतो, सोमवारी उपकेंद्रातली सिस्टरबाई येणार हाय. तिनं दोघींचीबी तपासणी करावी. गढीच्या इज्जतीचा सवाल हाय. का हो अप्पाराव?"

पारावर आबांनी तोंड फिरवलं. सगळी सभा आकांक्षाकडं बघत होती. आकांक्षाचा हात पोटावरच्या घडीवर आवळलेला होता. दैवशालानं ते बघितलं. उद्या त्या पोरीचं लुगडं सोडून बघतील, आणि ही गोष्ट तीर्थपुरीच्या बाजारात चघळली जाईल. आपण मात्र टेबलाआड बसून राहू.

अंगदनं टेबलाखालून तिचं मनगट दाबलं. बस, उठू नको, असा तो दाब होता. तिनं मनगट सोडवून घेतलं, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि उठून उभी राहिली. पदर कमरेला खोचला. जे दिसायचं ते सगळ्यांना दिसलं.

"तपासणीची गरज न्हाई काका. लेकरू माझं हाय. तिसरं हाय."

पारावरून कुणीतरी "अरे!" म्हणालं. मग झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू आली.

"कायदा मला माहीत हाय," ती म्हणाली. आवाज आधी चिरका निघाला, मग ठरला. "तिसरं लेकरू झालं की पद जातं. पोटात असताना जात न्हाई. कार्तिकात मी बाळंत होणार. झाले की मी माझ्या हातानं राजीनामा देणार, कुणी अर्ज करायची गरज न्हाई. पण तोवर मी सरपंच हाय. आन् तेवढ्या दिवसात वस्तीला पाणी जाणार. विषय नंबर चार, ग्रामसेवक, वाचा."

ग्रामसेवकानं वाचायला सुरुवात केली. काकासाहेब थोडा वेळ उभेच होते. मग बसले. दैवशालानं बायांच्या रांगेकडं बघितलं तेव्हा आकांक्षाची जागा रिकामी होती.

दैवशाला घरी पोचेपर्यंत आकांक्षा निघून गेली होती. मिथुननं मोटारसायकलवर तिला तीर्थपुरीला नेलं होतं. खोलीत लुगड्याची ती घडी जमिनीवर तशीच पडलेली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "माझ्या घराची अब्रू तू पारावर नेऊन टाकली. आता माझ्यासमोर येऊ नको." अंगदही दोन दिवस बोलला नाही.

दैवशालाला सगळ्यात जास्त टोचत होती ती रिकामी जागा. आठ दिवसांनी ती एकटीच एसटीनं तीर्थपुरीला गेली. आकांक्षाच्या आईनं दार उघडलं, तिच्या पोटाकडं बघितलं आणि न बोलता आत निघून गेली. आकांक्षा मधल्या घरात खाटेवर होती. अंगावर शाल, डोक्याला रुमाल बांधलेला.

"बरं न्हाई का?" दैवशालानं विचारलं.

आकांक्षा हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आईला सांगितलं, पडलं म्हणून. मंग काय, शेजारच्या बाया भेटायला येऊन राह्यल्या. सुंठीचं पाणी, डिंकाची खीर. आठ दिवस झाले ताई, मी खाटेवर पडून हाय. कोणासाठी? जे माझ्या पोटात कधी नव्हतंच त्याच्यासाठी."

"मी काय करणार होते आकांक्षा? त्यांनी तुझी तपासणी..."

"माझ्यासाठी उठल्या तुम्ही?" ती पटकन म्हणाली. "नुसतं तेवढ्यासाठी न्हाई. थोडं माझ्यासाठी, थोडं तुमच्यासाठी. तुम्हाला त्या टेबलामागं बसवत नव्हतं. मला दिसत होतं."

ते खरं होतं.

"तुम्ही मला लेकरू दिलं नव्हतं ताई, मला माहीत हाय. आबांनी दिलं होतं. पण तुम्ही मान हलवली होती. मी बघितलं होतं." तिचा आवाज फुटला. "मी त्याला नाव बी ठेवलं होतं मनात."

"चुकलं माझं," दैवशाला म्हणाली. "सभेत उठले ते न्हाई. मान हलवली ते. त्याच दिवशी न्हाई म्हणायला पायजे होतं. तुझ्या तोंडाकडं बघून माझ्यानं झालं न्हाई."

आकांक्षा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दैवशाला बराच वेळ खाटेच्या पायथ्याशी बसली. मग उठून निघाली. तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे असं तिला वाटलं.

आता तिच्या हातात दोन महिने होते. काकासाहेबांच्या रानातून पाइप जाणार नव्हता. त्यांनी तर बांधावर काटेरी तार ओढून घेतली होती. राहिली मोसंबीची बाग. ती बाग आबांनी हातानं लावलेली, पण कागदावर अंगदच्या नावानं होती. दैवशालानं संमतीपत्र लिहून अंगदच्या उशाशी ठेवलं. तीन दिवस ते तिथंच पडून होतं. चौथ्या दिवशी ती त्याला म्हणाली, "मी उद्या मशीन बोलावलंय. तुम्ही सही करा का नका करू."

"आबा मरून जातील," तो म्हणाला.

"न्हाई मरत. तुम्ही बघा."

दसऱ्यानंतरचा दिवस होता. सकाळी नऊला जेसीबी बागेच्या तोंडाशी आलं. आधीच आबा तिथं उभे होते, आखलेल्या चुन्याच्या रेघेवर, हातात काठी. वस्तीवरची वीस-पंचवीस माणसं लांब उभी राहून बघत होती. जवळ यायची कुणाची छाती नव्हती. आबांचा जुना सालगडी कडूबा त्यांच्यातच होता, खाली मान घालून.

"आन इकडं मशीन," आबा ड्रायव्हरला ओरडले. "माझ्या अंगावरून ने. न्हाईतर वापस जा."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दैवशाला रेघेवरून चालत आली. आठवा महिना, पायांवर सूज, ऊन चढायला लागलेलं. ती आबांच्या समोर उभी राहिली, आणि मग सगळ्यांदेखत त्यांच्या पायाजवळ मातीत बसली.

"ऊठ," आबा म्हणाले.

"उभं राहवत न्हाई आबा. तुम्ही बी बसा. चढंल ऊन डोक्यावर."

"मला शिकवू नको. माझी झाडं हायेत ही. लेकरासारखी वाढवली."

"माहीत हाय. अकरा झाडं जातील. मी मोजली. वाईट मलाबी वाटतं."

"मंग त्याच्या रानातून ने! त्या काक्याच्या! त्याला टाके पडून बी अक्कल..." ते थांबले.

"ते देणार न्हाईत. तुम्ही बी देणार न्हाई. आन् त्या वरच्या बाया अजून तीस वर्षं हंडे वाहतील, तुमच्या एका बैलासाठी."

आबांनी काठी उचलली. कडूबा दोन पावलं पुढं आला. दैवशाला हलली नाही, नुसती वर बघत राहिली, आणि तिचा एक हात आपसूक पोटावर आडवा गेला. आबांनी ते बघितलं. काठी तशीच हवेत राहिली, मग खाली आली. ते बसले नाहीत, पण हललेही नाहीत.

तास गेला. दुसरा गेला. कुणीतरी दैवशालाच्या डोक्यावर छत्री धरली, ती तिनं आबांच्या डोक्यावर धरायला लावली. त्यांनी हातानं बाजूला सारली. तिच्या ओटीपोटात कळ येऊन गेली. तिनं दात आवळून दम रोखला, कुणाला दिसू दिली नाही. दुसरी कळ आली तेव्हा मात्र तिला भीती वाटली. आज, इथंच, मातीत झालं तर? उठावं का? उठली तर मशीन परत जाईल आणि पुन्हा येणार नाही.

साडेअकराला अंगद आला. धावत आला नाही, चालत आला, पण शर्ट घामानं भिजलेला होता. त्याच्या हातात कागद होता. तो बापासमोर उभा राहिला. कागद त्यानं दोन हातांनी धरला.

"आबा, सात-बारा माझ्या नावावर हाय," तो म्हणाला. "सही केली मी. बाजूला व्हा."

जन्मात पहिल्यांदा तो बापाला असं बोलला. आबा त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. काहीतरी हरवल्यावर माणूस खिसे चाचपून बघतो तसं काहीतरी होतं. मग ते रेघेवरून उतरले आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले. पहिलं झाड पडताना त्यांनी पाठ फिरवली.

अंगदनं तिला हात देऊन उठवलं. "दवाखान्यात चल," तो म्हणाला.

"आधी पहिला पाइप बसू द्या."

कळा थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस खाटेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि ती पडून फोनवर काम बघत राहिली. दिवाळीच्या आधी चार दिवस टेकाडावरच्या वस्तीत पाणी सुटलं. ती जाऊ शकली नाही. कडूबाची बायको तांब्याभर पाणी घेऊन घरी आली, तिच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "प्या." एवढंच. दैवशाला सगळा तांब्या प्याली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जालन्यात तिला मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा दवाखान्यात आले. ऑगस्टपासून तिच्याशी ते एक शब्द बोलले नव्हते. खाटेजवळ येऊन त्यांनी लेकराच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे भरून आले होते. मग इकडंतिकडं बघून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नोंद झाली न्हाई ना अजून? मी बोलतो कुणाशी. आकांक्षाचे कागद माझ्याजवळ हायेत."

दैवशालाला क्षणभर खरंच वाटलं की हा माणूस थकणार नाही कधी. "झाली आबा," ती म्हणाली. "सकाळीच केली. आईचं नाव माझं."

आबा मान हलवत राहिले. मग बाहेर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते.

बाळ वीस दिवसांचं झालं तेव्हा ती अंगदबरोबर घनसावंगीला पंचायत समितीत गेली आणि राजीनामा दिला. जिन्यात काकासाहेब भेटले, हातात प्लास्टिकची फाइल. "बाई, मी अर्ज तयार करून आणल्ता," ते म्हणाले. "चार दिवस थांबली असती तर माझ्या अर्जानं गेली असती."

"म्हणून तर थांबले न्हाई काका," ती म्हणाली.

काकासाहेबांनी तिच्या खांद्यावरच्या लेकराकडं बघितलं. मग बाजूला होऊन वाट दिली.

आकांक्षा माघात परत आली. दैवशालाशी ती कामापुरती बोलायची: पीठ संपलं, गॅस आला. मुलींचं सगळं करायची, बाळाकडं मात्र बघायची नाही. ते रडलं की उठून परसात जायची. दैवशालानं कधी आग्रह केला नाही.

मग पोटनिवडणूक लागली. आबांनी आकांक्षाला विचारलं, उभी राहतेस का? सगळ्यांना वाटलं ती नाही म्हणेल.

"राहते," ती म्हणाली. "माझ्यावर कोण कलम लावणार? मला तर लेकरूच न्हाई." ओसरीवर सगळे खाली बघायला लागले. मग ती दैवशालाकडं वळली. "पण घरोघर फिरायला ताई सोबत पायजेत. वस्तीवर मला कोण ओळखतं?"

दोघी एप्रिलच्या उन्हात महिनाभर फिरल्या. एक पुढं, एक लेकरू कडेवर घेऊन मागं. लोकांसमोर दोघी बोलायच्या, वाटेनं गप्प चालायच्या. मेमध्ये घनसावंगीच्या तहसीलीत मोजणी झाली. श्रद्धा सव्वीस मतांनी निवडून आली. टेकाडावरच्या वस्तीनं आकांक्षाला भरभरून मतं दिली होती. खाली गावात मात्र काकासाहेबांनी बाजी मारली. त्यांची माणसं गुलाल उधळत गेटमधून बाहेर पडली.

दैवशाला बाहेर जीपमध्ये बसली होती, मांडीवर झोपलेलं बाळ. आकांक्षा गर्दीतून वाट काढत आली. कुणीतरी फेकलेला गुलाल तिच्या केसांवर पडला होता, तो तिनं झटकला नव्हता. ती दार उघडून शेजारी बसली.

"वस्तीवर जाऊन सांगावं लागंल," दैवशाला म्हणाली. "वाट बघत असतील."

"जाऊ," आकांक्षा म्हणाली. मग तिनं मान वळवून पहिल्यांदा त्या झोपलेल्या तोंडाकडं नीट बघितलं. खिडकीतून ऊन सरळ त्याच्यावर येत होतं. तिनं पदर ओढून खिडकीशी धरला आणि पुढं ड्रायव्हरला हाक मारली.

"दादा, गाडी सावलीत घ्या जल्दी. त्याच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं."